उतरून टाकलेलं मीठ

माझा पहिला मुलगा सतरा दिवस जगला. त्याचा फोटो घरात नाही. असली बाळं घरात मोजायची नसतात, असं मला सांगितलं गेलं होतं. मी मोजते. मला दोन मुलगे आहेत, त्यातला एक आहे आणि एक नाही. कोणी विचारलं की हेच वाक्य मी सांगते. समोरच्याला अवघडल्यासारखं झालं तरी मी ते बदलत नाही.

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमच्याकडे यात सांगण्यासारखं काही नाही. खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे माझं माहेर. आत्या निपाणीकडच्या गावात दिलेली. मी लहान असल्यापासून ती माझ्याकडे बघून म्हणायची, "ही माझीच हाय. पुस्तकात तोंड खुपसून बसती, बसू दे. माझ्या घरात बी बसंल." मी तिच्या घरात गेले आणि खरंच पुस्तकात तोंड खुपसून बसले. तिने कधी बोल लावला नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बेळगावात खासबागला भाड्याच्या घरात राहायला आलो. मला एका हायस्कुलात ग्रंथालय सांभाळायचं काम मिळालं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. माझी सासू म्हणजे आत्याच, तेव्हा तीही आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला चिडवायचे, "सून माहेराला आली का सासू, हेच कळंना झालंय." आत्या म्हणायची, "तू गप रं. माझा बी बाप हितंच ऱ्हात होता."

मुलगा चांगल्या वजनाचा होता. रंग जरा सावळा, तोही नुसत्या अंगाचा नव्हे. ओठांच्या कडा आणि बोटांची पेरं जरा जास्तच काळसर. आत्या म्हणाली, "आमच्या बाऽवर गेलाय." आम्ही सगळे हसलो. तो रंगही एक खूण असू शकतो, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आठव्या दिवसापासून तो दूध टाकू लागला. आधी थोडं, मग प्यालेलं सगळं. ओढायचा मात्र अधाशासारखा. गावातल्या दवाखान्यात थेंब दिले. दहाव्या दिवशी त्याच्या डोळ्यांखाली खळगे दिसायला लागले. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. पाळणा धुऊन उन्हात ठेवला होता, तो तसाच आत आणून ठेवला.

"दृष्ट लागली," आत्या म्हणाली. "बघायला काय कमी बाया येऊन गेल्या?"

रोज तिन्हीसांजेला ती खडेमीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घ्यायची. बाळाच्या डोक्यापासून पायापर्यंत मूठ फिरवायची. आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यांची, दारच्यांची, असं तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि चुलीत टाकायची. मीठ ताडताड उडायचं. "ऐकलंस?" ती मला म्हणायची. "किती तडतडतंय बघ. लई वंगाळ नजर हुती."

मला माहीत होतं की मीठ कुणाच्याही नजरेशिवाय तडतडतं. खड्यात अडकलेलं पाणी तापलं की खडा फुटतो. शाळेत शिकलेली गोष्ट. मी बाजेवर पडून ते ऐकत होते आणि बोलले नाही. आत्याचा हात बाळावरून इतक्या मायेने फिरायचा की तिला थांबवणं मला उद्धटपणाचं वाटलं. बोलायला हवं होतं ते मिठाबद्दल नव्हे. 'हे पोर वाळत चाललंय, याला बेळगावला नेऊ या,' एवढं एकच वाक्य हवं होतं. ते मी चार संध्याकाळी गिळलं. दृष्ट काढली की त्या दिवसाचं काम झाल्यासारखं घर शांत व्हायचं, आणि त्या शांततेत मीही थोडी झोपायचे. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. करायचंही नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी तो रडेना. हात उचलला की पडायचा. मग मात्र गाडी आली. बेळगावच्या रुग्णालयात त्याला आत नेलं, आणि थोड्या वेळाने तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचं मराठी कानडी वळणाचं होतं, सावकाश बोलायच्या.

"रक्तात मीठ फार कमी झालंय. आम्ही भरतोय. उलट्यांमुळे एवढं कमी होत नाही, म्हणून एक वेगळी तपासणीही पाठवतोय. तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

आम्ही सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्याला आप्पांच्या शेताच्या बांधाला पुरलं. बायका जात नाहीत. लहानग्याला जाळत नाहीत, दहावं-तेरावं करत नाहीत, आणि त्याचं नावही ठेवलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "आता रडू नगं. पुढचं ईल त्याला तरास हुतोय." पाळणा माळ्यावर गेला. झबली कुणाला तरी दिली गेली. मला दूध येत होतं. ते आटावं म्हणून छातीवर कोबीची पानं बांधली. एवढ्यात सगळं आवरून झालं.

त्या दिवसांत मी आप्पांना एकच प्रश्न विचारला. खड्ड्यात काय घातलं?

 ते म्हणाले, "मीठ घालत्यात गं. रीत हाय. दुकानातनं दोन पिशव्या आणल्या हुत्या."

तपासणीचा निकाल त्यानंतर काही दिवसांनी मोबाइलवर आला. मी खासबागला परतले होते. डॉक्टरीणबाईंनी बोलावून नीट समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. अंगातलं मीठ धरून ठेवायचा आणि आजारपणात तग धरायचा निरोप त्या देतात. माझ्या बाळाच्या ग्रंथींना तो निरोप तयार करता येत नव्हता. आईच्या पोटात चालून गेलं. बाहेर आल्यावर मीठ लघवीवाटे वाहत राहिलं. दोष माझ्यात अर्धा, नवऱ्यात अर्धा. दोन्ही अर्धे जुळले की असं मूल होतं, चारात एकाची शक्यता. नात्यात ते अर्धे भेटायला सोपं जातं, एवढंच.

"उपचार असतो का?" मी विचारलं.

"असतो," त्या म्हणाल्या. "गोळ्या असतात. रोज, जन्मभर. मुलं शाळेत जातात, खेळतात. वेळेत कळलं पाहिजे."

मी बसस्टॉपपर्यंत चालत आले आणि तिथल्या बाकावर बसले. माझ्या डोक्यात फक्त आत्याची मूठ होती. ज्याच्या अंगातलं मीठ वाहून चाललं होतं त्याच्यावरून आम्ही रोज मूठभर मीठ उतरून चुलीत घातलं. आणि मग जमिनीत दोन पिशव्या.

घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काय न्हाय."

"आत्या, तुझ्या घराण्यातलं आणि माझ्या घराण्यातलं एकच आहे."

"तेच म्हणतीया मी. न्हाय म्हंजे न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या नणंदंचं बघायचं चाललंय. चिकोडीकडनं निरोप आलाय. रगतात खोट हाय म्हटल्यावर कोण दारात ईल? तू शिकलेली हायस, तुला सांगायला पायजे व्हय?"

नवऱ्यानेही मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही. त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याचं बाळ गेलं होतं, आणि दोन्ही एकदम पेलायला त्याला जमत नव्हतं.

मी एक वर्ष गप्प राहिले. ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायची, नोंदी करायच्या, मुलांनी फाडलेली पानं चिकटवायची. दुपारच्या सुट्टीत एका दोनशे पानी वहीत मी सतरा दिवस लिहिले. एकेका दिवसाला चार-पाच पानं. काय प्याला, किती टाकलं, कुणाकडे बघितलं. लिहिल्यावर लक्षात आलं की मी त्याला फार चांगली ओळखत होते.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रात तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं नोंदणीचं कार्ड, काढायला गेलो. आत्या बरोबर होती. नर्सने कानडीत विचारलं, कितवं बाळंतपण?

"पयलंच," आत्या म्हणाली.

"दुसरं," मी म्हणाले. "पहिला मुलगा होता. सतरा दिवसांचा होऊन गेला. कारण लिहा." आणि मी पिशवीतून तो निकाल काढून टेबलावर ठेवला.

 परतताना गोवावेसला रिक्षातून उतरली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "लई शिकून काय मिळालं गं तुला?"

"उशीर," मी म्हणाले. "पण पुढच्या वेळेला नाही."

मी माहेरी गेले नाही. बेळगावातच बाळंत होणार, त्याच डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात, हे मी सातव्या महिन्यातच जाहीर केलं. आई चार दिवस रुसली. मग स्वतःच लोंढ्याहून गाडी पकडून आली. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि येता येताच तक्रार, "तुमच्या खासबागेत काय वारं बी न्हाय."

दुसराही मुलगा. वजन चांगलं. वरून बघून काही कळत नव्हतं. मुलग्यांत बहुतेक वेळा वरून कळत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून जाड कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे होते. कागदावर गोल छापलेले असतात, प्रत्येक गोल भरला पाहिजे. आत्या खाटेच्या आणि नर्सच्या मध्ये उभी राहिली.

"पाचवी झाल्याबिगर लेकराचं रगत काढायचं न्हाय. सटवाई अजून यायचीय. तिनं कपाळावर काय लिवलंय ते बघायच्या आधी तुम्ही टोचाटोची करताय?"

सटवाई पाचव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पहिल्याच्या वेळी तो कागद मी स्वतः, माझ्या शाळेच्या वहीतून काढून दिला होता.

"आत्या, या वेळेला तिच्या आधी मी वाचणार आहे," मी म्हणाले. "बाजूला हो."

तिला मी आयुष्यात पहिल्यांदा 'बाजूला हो' असं दरडावून म्हटलं. मी लहानपणापासून तिला अगं-तुगंच करते, पण हे वेगळं होतं, आणि ते तिलाही कळलं. ती सरकली. नर्सने टोचलं. बाळ किंचाळलं, लाल झालं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसले. रडण्याएवढी ताकद होती त्याच्यात. पहिल्याचा आवाज शेवटच्या दिवशी मांजराच्या पिल्लाएवढाही नव्हता.

मधले दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. दोनदा रक्तातलं मीठ तपासून आणलं. सातव्या दिवशी निकाल आला. तोच आजार.

त्याच दिवशी दुपारी औषध सुरू झालं. गोळीचा बारीक तुकडा दोन चमच्यांमध्ये चुरायचा, पाण्यात कालवायचा, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला सोडायचा. दिवसातून तीनदा. दुसरी एक गोळी एकदा. आणि बाईंनी मोजून सांगितलेलं मीठ, उकळून गार केलेल्या पाण्यात, दिवसभरात विभागून.

"तान्ह्या लेकराला मीठ?" आई घाबरली. "किडन्या जात्यात म्हणं."

 आत्या दारात उभी राहून माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघत होती. बाळ जीभ बाहेर काढून मिठाचं पाणी चाटत होतं, चुटूचुटू, आवडीने.  मग तिने विचारलं, "त्याला बी... तवा हे दिलं असतं तर?"

खोटं बोलून तिला सोडवता आलं असतं. खोटं बोलून तिला मारताही आलं असतं. मी खरं तेच सांगितलं.

"नुसत्या मिठाने वाचला नसता. गोळी लागली असती. त्यासाठी दवाखान्यात लवकर न्यायला पाहिजे होतं. आपण नेलं नाही. तू नाही, मी नाही."

ती आत गेली. स्वयंपाकघरात तिने काय केलं मला माहीत नाही. बराच वेळ नळ चालू होता.

बारसं बाराव्या दिवशीच करायचं, हा हट्ट माझा. खासबागच्या त्या दोन खोल्यांत निपाणीकडच्या, खानापूरकडच्या पंचवीस-तीस बायका. नणंदेची सोयरीक तोवर जवळजवळ ठरलेली, म्हणून चिकोडीकडच्या होणाऱ्या विहीणबाई आणि त्यांची थोरली जाऊही आलेल्या. आत्याने मला सकाळीच आतल्या खोलीत नेलं होतं.

"औषिदाची येळ झाली की आत ये. दार लावून घे. एवढं ऐक माझं. तुझ्या नणंदंसाठी."

मी मोबाइलमध्ये दुपारच्या डोसाचा गजर लागलाय का ते बघितलं. 

पाळणा सजला. घुगऱ्यांची वाटी फिरू लागली. बायकांनी पाळणा गायला सुरुवात केली आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलचा गजर झाला. दुपारचा डोस. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, वाटी, दोन चमचे आणि सिरिंज घेऊन बाहेर आले, आणि पाळण्याशेजारी चटईवर बसून गोळी चुरायला लागले. गाणं एकेका बाईपुरतं थांबत गेलं.

"काय गं ते?" कुणीतरी विचारलं. "सर्दी झालीया व्हय?"

"नाही. याला आजार आहे. जन्माचा. याच्या अंगात मीठ टिकत नाही, म्हणून रोज औषध. जन्मभर. याचा मोठा भाऊ यानेच गेला. आम्ही त्याची दृष्ट काढत बसलो."

एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली होती. बोलायला पाव मिनिटही लागलं नाही.

 मग आत्याच्या शेजारची एक म्हातारी, जिला कशाचंच दडपण नसतं, म्हणाली, "म्हंजी मीठ दिलं की पोरगं चालतंय! मग काय, आमच्या म्हाताऱ्याला उलटं हाय. मीठ बंद केलंय, तरी चालंना." दोघी-तिघी फिसकन हसल्या. बाळाने औषध गिळलं.

होणाऱ्या विहीणबाईंचा चेहरा लाकडासारखा झाला होता. त्यांची जाऊ मात्र उठून माझ्याजवळ येऊन बसली. हात चटईवर टेकून, हळू आवाजात, "आमच्या धाकट्या सुनंची दोन गेली. दोन्ही पोरगंच. तिसऱ्या आठवड्यात. उलट्या. आमी म्हटलं, बाईच्या दुधातच दोष हाय. तिला म्हायेराला धाडली."

"परत आणा," मी म्हणाले. "तपासणी करून घ्या. तोच आजार आहे की दुसरा, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना कळेल. पण दूध दूध म्हणू नका."

तिने डॉक्टरीणबाईंचा पत्ता घुगऱ्यांच्या कागदावर लिहून घेतला. कानडीत लिहिला.

सोयरीक मोडली. पंधरा दिवसांत निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही म्हणून. मी नणंदेसमोर उभी राहिले तर ती म्हणाली, "वहिनी, तोंड पाडू नका. लपवून गेले असते, तर पहिलं पोर होईपर्यंत रोज घाबरत जगले असते. त्यापेक्षा मोडलेली बरी." घरात मात्र सगळ्यांनी मला दोषी धरलं. धरू देत. हा दोष मला जड वाटत नाही. दुसरा जड आहे, तो मी उचलते तेवढं पुरे.

पण त्या दिवशीचं बारसं पुरं व्हायचं होतं. नाव आत्याबाईने ठेवायचं, म्हणजे नणंदेने. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि ठरलेलं नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग मी उठले. बाळाच्या आईने मध्ये बोलायची रीत नसते. मी पाळण्याच्या काठाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून एक नाव ठेवायचं राहिलंय." आणि पहिल्याचं नाव घेतलं. ते मी तो पोटात असतानाच, सातव्या महिन्यात ठरवून ठेवलं होतं, कुणालाही सांगितलं नव्हतं. इथेही लिहीत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं.

कुणी बुक्का घातला नाही. खोलीत पाळण्याची कडी तेवढी वाजत होती. मग नणंद माझ्यामागे आली आणि माझ्या पाठीत एक हलकाच बुक्का मारला. त्यानंतर आत्याने. तिचा बसला तो हलका नव्हता.

संध्याकाळी बायका गेल्या. दिवेलागणीला आत्या सवयीने उठली. इतक्या बायका बघून गेल्या होत्या, दृष्ट काढायलाच हवी.  तिने मोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, आणि मिठाच्या बरणीचं झाकण उघडून थोडा वेळ उभी राहिली. मग झाकण परत लावलं, घट्ट, पिळून. मूठ बाळावरून फिरवली आणि गॅसवरच्या तापल्या तव्यावर टाकली. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला. मोहऱ्या तेवढ्या फुटल्या, मिठाची ताडताड झाली नाही.

"मीठ?" आईने विचारलं.

"ते त्याचं हाय," आत्या म्हणाली.